पूजेला बसलेले बोल्ट

लग्नानंतरची काही वर्षं मी नवऱ्याला सासूबाईंसमोर ‘अहो’ म्हणत असे आणि गाडीच्या इंजिनासमोर ‘अरे’. इंजिनासमोर ‘अहो’ जमतच नाही. माणूस बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला असतो, त्याचे फक्त पाय आणि पँटचा मागचा खिसा दिसत असतो. त्या खिशाशी आदराने बोलणं मला कधी साधलं नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते कोकणातून गिरणीत आले आणि इंजिन खात्यात फिटर झाले. गिरणीतला एक साहेब कायमचा विलायतेला जायला निघाला, तेव्हा आपली जुनी काळी गाडी त्यांच्या गळ्यात घालून गेला. पुढे मुलुंडला सोसायटीत जागा घेतली, तेव्हा संसार टेंपोतून आला आणि सासूबाई पोळपाट मांडीवर घेऊन या गाडीतून आल्या. त्यांनी गाडीला कधी गाडी म्हटलं नाही. त्या तिला ‘सवत’ म्हणत. “सवतीची आंघोळ झाली असेल तर आता तुम्ही करून घ्या,” असं त्या दर रविवारी खिडकीतून सासऱ्यांना ओरडून सांगत.

मी लग्न होऊन आले तेव्हा सवत चालेनाशी होऊन बरीच वर्षं झाली होती. कंपाउंडच्या कोपऱ्यात ती उभी असायची आणि सासरे रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसायचे. चालवणाऱ्याच्या जागेवर बसून, स्टिअरिंगवर पेपर टेकवून, अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सगळं वाचायचे. चहा झाला की सासूबाई वरून हाक द्यायच्या, “पोचलात की नाही अजून?” खालून उत्तर यायचं, “आलोच, वळणावर आहे.”

सासरे गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात सोसायटीची सभा भरली. जिथे गाडी उभी होती तिथे स्कूटर ठेवायला शेड बांधायची होती. आमचे सेक्रेटरी म्हणजे सफारी सूट घालून दूध आणायला जाणारे गृहस्थ. त्यांनी ठराव वाचून दाखवला: दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर गेली, तर तिला वाहन समजून तिची जागा तिच्याकडेच राहील. नाही गेली, तर तिला अडगळ समजून दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याच्या ताब्यात दिलं जाईल.

“बरं झालं,” सासूबाई घरी येऊन म्हणाल्या. “एकदाची कटकट गेली.” त्या रात्री त्यांनी आमटीत मीठ दोनदा घातलं. आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली, आणि नवऱ्याने जेवण झाल्यावर माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पेटी खाली काढली.

नवरा सरकारी कचेरीत होता. वडिलांची हत्यारं त्याच्याकडे आली होती, हात आला नव्हता. पण नाद होता, आणि मॅन्युअल होतं. साहेबाने गाडीबरोबर दिलेलं ते जाड पुस्तक मीच खाकी कव्हर घालून नीट ठेवलं होतं, कारण मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि कव्हर नसलेलं पुस्तक मला उघड्या अंगाने फिरणाऱ्या माणसासारखं वाटे. तर आमची कामाची वाटणी अशी ठरली: मी स्टुलावर बसून वाचायचं आणि त्याने ऐकून करायचं.

दुखणं सापडलं. इंजिनावर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात, आणि ते आमच्या इंजिनाला दहा बोल्टांनी आवळलेलं होतं.

“म्हणजे प्रेशर कुकरच,” नवऱ्याने सासूबाईंना समजावलं. “झाकण नीट बसलं नाही की नको तिथून शिटी होते.”

“मग रिंग बदल.”

“रिंग बदलतोय. पण बोल्टच सडलेत, आई.”

सडलेच होते. काढताना तीन तर आतल्या आत तुटले आणि त्यांची टोकं उकरून काढण्यात श्रावण संपला. नवे तयार मिळेनात, कारण आटे जुन्या विलायती मापाचे. शेवटी घाटकोपरच्या एका लेथवाल्याने दहाच्या दहा कातून द्यायचं कबूल केलं. नमुन्याला म्हणून जुने बोल्ट त्याच्याकडे गेले. फक्त एक मी माप घेऊन झाल्यावर परत मागवला. दहांमध्ये तो सगळ्यात लांब होता, इंजिनाच्या मधोमध बसणारा. तो चांगला वजनदार होता आणि मॅन्युअलचं पान वाऱ्याने उलटू नये म्हणून मी तो पानावर ठेवत असे. लेथवाल्याला तो परत का हवा हे सांगताना नवऱ्याची फार पंचाईत झाली म्हणे.

नवे बोल्ट अष्टमीच्या संध्याकाळी हातात पडले. नवऱ्याने ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडले. काळे, चकचकीत, तेल लावलेले.

सासूबाई चष्मा लावून बघून गेल्या. “एवढ्याशा खिळ्यांसाठी भाद्रपद घालवलास?”

“खिळे नाहीत आई, बोल्ट.”

“माका शिकवू नको. फिटरची बायको आहे मी.”

ठरलं असं की नवमीला सुट्टी काढून दिवसभरात हेड बसवायचं, दसऱ्याला सकाळी बाकीची जोडणी आणि संध्याकाळी गेट. मी मॅन्युअलमधलं ते पान काढून, त्यावर माझा जुना बोल्ट ठेवून झोपले.

सकाळी उठून बाहेर आले तर नवरा बनियनवर देवघरापुढे उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये चुकून शिरलेल्या माणसाचा भाव होता. पाटावर लाल खण घातला होता. त्यावर पाने, हातोडी, पक्कड, जॅक. रद्दीवाल्याकडून मागून आणलेला, वजन करायचा हुकाचा काटासुद्धा. त्यापुढे दोन ओळींत नवे बोल्ट, चिंचेने घासून, पुसून, प्रत्येकाच्या डोक्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची पाकळी. लांब बोल्ट वेगळा. तो ताम्हणात तांदळाच्या राशीवर उभा केला होता आणि त्याला चक्क वस्त्रमाळ घातली होती. शेजारी सरस्वतीपुढे माझी चार पुस्तकं, आणि सगळ्यात वर खाकी कव्हरातलं मॅन्युअल. माझा पेपरवेट, तो जुना बोल्ट, तेवढा सासूबाईंनी खिडकीत काढून ठेवला होता. तो झिजलेला होता, देवापुढे काय ठेवायचा.

“आई, हे काय?”

“खंडेनवमी.”

“अगं, आज बोल्ट बसवायचेत!”

“उद्या बसव. पूजेला लावलेली हत्यारं उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत.”

“परवा सकाळी भंगारवाला येणार आहे.”

“परवा ना? मग उद्याचा अख्खा दिवस आहे.”

“निदान एक पाना तरी...”

“हात लावशीत तर बघ!”

माझ्या नवऱ्याचा देवावर विश्वास नव्हता. कॉलेजात असताना त्याने देव नसल्याबद्दल भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. पण आई असल्याबद्दल त्याला कधी शंका नव्हती. तो माझ्याकडे वळला. “अगं, तू तरी सांग.”

“मी काय सांगणार? पुस्तक पण पूजेला बसलंय. मला आज वाचता येणार नाही.”

“बाबा असते ना, तर...”

“तर त्यांनीच मांडली असती पूजा,” सासूबाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं... नाही, जास्तच असतील. एका नवमीला पाना उचलला नाही त्यांनी. आणि काही उडालं नाही कुणाचं इंजिन.”

नवऱ्याने पाटावरची एकेक वस्तू पाहून घेतली. मग म्हणाला, “टूथब्रश पूजेत नाही ना?”

“तो कशाला पूजेत असेल?”

“विचारून घेतलं.” आणि जुना टूथब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन तो खाली गेला. दिवसभर त्याने इंजिनाचे दात घासले.

दसऱ्याला सकाळी लवकर उत्तरपूजा झाली. सासूबाईंनी पाटावरची फुलं, पत्री, तांदूळ, सगळं गोळा करून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि लेकाच्या हातात दिलं. “आधी हे विहिरीत सोडून ये. मग तुझे खिळे घे.”

सोसायटीच्या मागे, पूर्वी वाडी होती तेव्हाची एक विहीर होती. पाणी झाडांना घालायचे आणि निर्माल्य तिच्यातच सोडायचे. नवरा धावत गेला, गाठोडं सोडलं, दोन बोटं कपाळाला लावल्यासारखं करून परत आला, आणि सगळं सामान घेऊन आम्ही खाली उतरलो. पुठ्ठ्याला दहा भोकं पाडून त्याने इंजिनाचा नकाशा केला होता, कुठला बोल्ट कुठे ते कळावं म्हणून. एकेक करून बोल्ट भोकात उभे राहिले. मधलं भोक रिकामं राहिलं.

त्याने खिसे पाहिले. पेटी पाहिली. मला उठवून स्टुलाखाली पाहिलं. मग वर गॅलरीत उभ्या असलेल्या सासूबाईंना हाक मारली.

“आई, मधला कुठाय?”

“कोण मधला?”

“लांब! ताम्हणातला!”

सासूबाई आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. मग त्या बाहेर आल्या आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, “ताम्हणातलं सगळं निर्माल्यातच जातं ना रे.”

“तू बोल्ट बांधलास फडक्यात?”

“बांधला असेन मी. सोडला कुणी?”

त्याने स्कूटर काढली आणि घाटकोपर गाठलं. परत आला तो हातात पेढे घेऊन. “लेथला हार घातलाय,” तो म्हणाला. “मालक जरीची टोपी घालून लेथशेजारी बसलाय. म्हणतो, साहेब, आज मशीनला हात लावत नाही, उद्या या. जुने बोल्ट तरी द्या म्हटलं, तर ते गोदामात आणि गोदामाच्या कुलपालाच हार. वाटेतली हार्डवेअरची दुकानं बंद. वाट लागली. अख्ख्या मुंबईची हत्यारं पूजेला बसलीत यार, आणि आपला एकटाच आंघोळीला गेला.”

मग विहिरीवर मोहीम निघाली. बुडालेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ सोसायटीत होताच. कुणीतरी बिघडलेल्या स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक आणून दोरीला बांधलं. सणाच्या दिवशी पुरुषमाणसांना स्वयंपाकघरातून हाकललेलंच असतं, त्यामुळे बघता बघता काठावर गर्दी झाली. पहिल्या खेपेला बादलीची कडी आली. मग एक झारा. मग तिचाकी सायकलचं चाक, पितळी नळ आणि कुणाची तरी किल्ल्यांची जुडी. प्रत्येक वस्तूला टाळ्या पडत होत्या. आणि मग गळाला अडकून एक स्टीलची कळशी वर आली. चिखल पुसला तर तिच्यावर सेक्रेटरींच्या पत्नीचं नाव कोरलेलं. ही कळशी तळमजल्यावरच्या कुटुंबाने लाटली असा त्यांना संशय होता, आणि त्यापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. सेक्रेटरींनी कळशी पाहिली, तळमजल्याकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, “ठराव तो ठराव. संध्याकाळपर्यंत वेळ आहे.”

या सगळ्या गोंधळात मी तीनदा म्हटलं, “अहो, खिडकीत एक आहे.” एकदा टाळ्यांत बुडालं, एकदा नवरा “थांब जरा” म्हणाला, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या काकांनी मला चुंबकाची दोरी धरायला दिली. मुळात माझा आवाज ग्रंथालयात कमावलेला. शेवटी मी दोरी त्यांना परत देऊन वर गेले, खिडकीतला जुना बोल्ट उचलला आणि खाली येऊन नवऱ्याच्या ओल्या तळहातावर ठेवला.

हा लेथवाल्याकडून आपणच परत आणला होता हे तो साफ विसरला होता. “हा कुठून आला?”

“तीनदा सांगितलं.”

“मोठ्याने सांगायचंस ना!”

“हे मोठ्यानेच होतं.”

आम्ही गाडीशी आलो. बोल्ट पुसता पुसता तो म्हणाला, “जुना बोल्ट परत लावण्याबद्दल पुस्तकात काय म्हटलंय?”

पुस्तकात काय म्हटलंय ते दोघांनाही पाठ होतं. अजिबात लावू नये असं ठळक अक्षरांत होतं आणि गणपतीच्या दिवसांत मीच त्याला ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

“ते पान सोडून कुठलंही सांग,” मी म्हटलं. “वाचते.”

तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बोल्ट आवळायचा क्रम असतो. मधून सुरुवात करून आडवं-उलटं बाहेर जायचं, आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. किती जोर लावायचा हे मोजायचं हत्यार आमच्याकडे नव्हतं, म्हणून रद्दीवाल्याचा काटा. पान्याच्या टोकाला हुक अडकवायचा आणि काटा ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत ओढायचं. मी आकृती पाहून नंबर सांगत होते आणि विहिरीवरची जनता आता इथे जमून तो पुन्हा ओरडत होती. हाउजी चालल्यासारखं वाटत होतं. मधल्या बोल्टाची पाळी आली की मात्र सगळे गप्प व्हायचे.

तिसऱ्या फेरीला नवऱ्याची शीर फुगली, ओठ वाकडा झाला.

“तुझे बाबा पण शेवटचा पीळ देताना तोंड वाकडं करायचे,” वरून सासूबाई म्हणाल्या. “पण त्यांचा पानाही फिरायचा.”

पाना फिरला. काटा आकड्यावर आला. कुठेही काही तुटल्याचा आवाज झाला नाही.

उन्हं उतरताना जोडणी संपली. नवरा हँडल मारायला पुढे गेला, तेवढ्यात जिन्यावरून सासूबाई आल्या. कपाटातली जरीची साडी नेसल्या होत्या, सासरे गेल्यापासून न नेसलेली. हातात आपट्याच्या पानांचं तबक. चाकांखाली लिंबं ठेवली आणि मागचं दार उघडून, कुणालाही न विचारता, त्या आत बसल्या.

“आई, तू कुठे?”

“सवतीला शेवटचं बघून घेते. मार तुझं हँडल.”

पाचव्या की सहाव्या वेळेला गाडी खोकली, थरथरली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. माझ्या बाजूच्या काकू तर रडायलाच लागल्या. मी पुढच्या सीटवर मॅन्युअल मांडीवर घेऊन बसले. लिंबं चिरडली. गाडी गोगलगायीसारखी गेटकडे सरकली. गेटात सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे होते. पुढची चाकं बाहेर पडली मात्र, मागून आवाज आला, “थांबव.”

“आई, आत्ता नाही!”

“दसऱ्याला माणूस समोर उभा आहे. सोनं न देता पुढे जायचं? थांबव म्हणते ना.”

त्याने थांबवली. सासूबाईंनी काच खाली केली, आपट्याचं पान सेक्रेटरींच्या हातात दिलं. सेक्रेटरी वयाने लहान. त्यांना वाकून नमस्कार करावाच लागला. ते खिडकीशी वाकले असतानाच इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

पुढची चाकं बाहेर, मागची आत.

“गाडी बाहेर आहे,” नवरा म्हणाला.

“अर्धी,” सेक्रेटरी म्हणाले.

“इंजिन बाहेर आहे! आई आत आहे फक्त. आईला बाहेर काढायचं ठरावात नव्हतं.”

एव्हाना मागे रांग लागली होती. सगळी सोसायटी नटूनथटून सोनं द्यायला नातेवाइकांकडे निघालेली. कुणाला बोरिवलीला जायचं होतं, कुणाला पार दहिसरला. स्कूटरचे हॉर्न, पोरांची रडारड. “अहो सेक्रेटरीसाहेब, ढकला की!” असा मागून पुकारा झाला, आणि तो पहिला पुकारा तळमजल्यावरच्या कुटुंबाचा होता. सेक्रेटरींनी पान सफारीच्या खिशात ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि डिकीला दोन्ही हात लावले. बाकीचेही आले. दोन पावलं, चार पावलं, नवऱ्याने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी अशी उसळली की सेक्रेटरी हात पुढे केलेल्या स्थितीतच मागे राहिले. आरशात ते लहान लहान होत जाताना मला दिसले. तळहात काळे, खिशातून हिरवं पान डोकावत होतं.

आम्ही स्टेशनच्या रस्त्याने भाजी मार्केटला वळसा घातला. माणसं थांबून बघत होती. इंजिनाच्या मधोमध, जिथे माझा पेपरवेट होता तिथून, बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

“शिटी होतेय,” मी म्हटलं.

“होऊ दे,” मागून सासूबाई म्हणाल्या. “तीन झाल्या की उतरवू.”

नवरा हसला, मीही हसले. मागून हसण्याचा आवाज आला नाही. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवरच्या तबकातली पानं नीट करायची म्हणून करत होत्या. सोसायटीचं वळण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी हळू, “पोचलो की नाही रे अजून?”

नवऱ्याने मागे पाहिलं नाही. “नाही आई,” तो म्हणाला. “अजून आहे.” आणि वळण सोडून त्याने गाडी सरळ घेतली. आणखी एक फेरी झाली.

परत आलो ते सगळ्यांनी ढकलतच, पण परत येण्याबद्दल ठरावात काही नव्हतं. सेक्रेटरींनी स्वतः गेट उघडलं. शेड दुसऱ्या कोपऱ्यात झाली. नवा लांब बोल्ट पुन्हा कातून घ्यायचा हे दर दिवाळीला ठरत असे आणि राहून जात असे. सासूबाई होत्या तोवर दर दसऱ्याला ती गाडी एकदा बाहेर पडली आणि दर वेळी शिटी झाली. त्या गेल्यावर काही वर्षांनी मढच्या बाजूला शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणाऱ्या एकाने ती नेली. त्याला शिटीबद्दल नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, चित्रात ऐकू येत नाही.

विहीर आता बुजवली आहे. तिच्यावर नव्या इमारतीचं पार्किंग आहे.

नवरा गेल्या माघात गेला. हत्यारांची पेटी कुणाला द्यायची ते अजून ठरलेलं नाही. यंदा खंडेनवमीला मी ती एकटीने खाली काढली. पाने पुसले, पाटावर मांडले, हळदीकुंकू वाहिलं. दसऱ्याला उत्तरपूजा केली आणि निर्माल्य बांधायच्या आधी एकदा उलटून पाहिलं. बांधल्यावर गाठ सोडून पुन्हा एकदा पाहिलं. नुसती फुलं होती.